उचलणे आणि तोलून धरणे

अनंत चतुर्दशीचा दिवस असतो. लालबागच्या रस्त्यावर माणसांचा महापूर लोटलेला असतो. गुलालाने आसमंत तांबूस झालेला असतो, ढोल-ताशांच्या गजरात शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नसते, आणि वीस-वीस फूट उंचीच्या गणेशमूर्ती संथ गतीने गिरगावच्या चौपाटीकडे निघालेल्या असतात. हजारो डोळे मूर्तीच्या मुखाकडे लागलेले असतात. परंतु त्या अफाट गर्दीत एखादा मनुष्य असा असतो, की त्याची दृष्टी वर नसते, खाली असते. मूर्ती जिच्यावर उभी आहे त्या गाडीच्या चाकांकडे तो सारखा पाहत असतो. कोणते चाक दबले आहे, कोणत्या टायरातील हवा उतरली आहे, कोठे कुरकुर ऐकू येत आहे, ह्याकडे त्याचे लक्ष असते. हा मंडळाचा मिस्त्री होय. त्या दिवशी त्याला फारसे काही करावे लागू नये, अशीच सर्वांची इच्छा असते; आणि तसे घडले, तर त्याचे श्रेय त्याने महिनाभर आधी शांतपणे केलेल्या कामाला असते. ते काम कोणते व ते कसे करतात, हे आपण ह्या पाठात पाहू.

१८९३ साली गिरगावातील केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. तेथील मूर्ती आजही लहान असते व तिची मिरवणूक पालखीतून निघते. पालखी चार माणसांच्या खांद्यांवर चालते. तिला चाक नको, टायर नको. पुढे हा उत्सव परळ-लालबागच्या गिरणगावात रुजला. चिंचपोकळीचे मंडळ १९२० साली, गणेश गल्लीचे १९२८ साली आणि लालबागच्या राजाचे मंडळ १९३४ साली स्थापन झाले. काळाच्या ओघात मूर्ती उंच होत गेल्या. इतक्या उंच मूर्ती खांद्यावर नेणे अशक्य. म्हणून चाकांच्या गाड्या आल्या. परळ-लालबागच्या मूर्तिकारांच्या कारखान्यांतून मंडपापर्यंत आणि मंडपातून समुद्रापर्यंत मूर्तीचा प्रवास आता ह्या गाड्यांवरूनच होतो.

ह्या गाडीला आपल्याकडे ट्रॉली म्हणतात. तिला स्वतःचे इंजिन नसते. लोखंडी तुळयांची भक्कम चौकट, तिच्याखाली बहुधा मालमोटारीचे आस व चाके, वर फळ्यांचा सपाट तळ आणि पुढे ओढण्यासाठी एक दांडी, एवढाच तिचा संसार. कधी माणसे दोर लावून तिला ओढतात, कधी एखादी मोटार ओढते. पश्चिम महाराष्ट्रात ट्रॅक्टरच्या मागे उसाने भरलेल्या ट्रॉल्या जातात, त्या ह्याच जातीच्या. परदेशांत काही कुटुंबे मोटारीमागे चाकांचे छोटे घरच जोडून प्रवासाला निघतात. तेही ह्याच कुळातले. ह्या सर्व गाड्यांना एक समान खोड आहे. त्या वर्षातून थोडे दिवस चालतात आणि बाकीचे दिवस एका जागी उभ्या राहतात.

वापर कमी, म्हणजे टायर अधिक टिकणार, असे आपणांस वाटेल. प्रत्यक्षात मात्र तसे होत नाही. टायर झिजण्याने जसा संपतो, तसा उभे राहण्यानेही संपतो. सूर्यप्रकाशाने आणि हवेतील ओझोन वायूने रबर हळूहळू ताठर होते व त्याला बारीक भेगा पडतात. टायरातील हवा थोडी थोडी निघून जात असते. हवा कमी झालेल्या टायरावर गाडीचा भार महिनोन्‌महिने एकाच ठिकाणी पडून राहिला, म्हणजे तो भाग चपटा होतो व आतील धाग्यांवर ताण येतो. वरून पाहावे तर नक्षी नव्यासारखी शाबूत. पण बाजूला बोट फिरवून पाहावे, तर भेगांचे जाळे. असा टायर रिकाम्या गाडीखाली मुकाट्याने उभा राहतो, आणि नेमका भार पडल्यावर फुटतो. म्हणून जाणती मंडळी उत्सवापूर्वी गाडी बाहेर काढतात, प्रत्येक टायर तपासतात आणि संशयास्पद टायर वेळीच बदलतात.

टायर बदलावयाचा म्हणजे चाक काढले पाहिजे. चाक काढावयाचे म्हणजे गाडी उचलली पाहिजे. रिकामी ट्रॉलीही काही टन वजनाची असते. समजा, तिचे वजन ३,२०० किलो आहे व तिला चार चाके आहेत. म्हणजे एकेका चाकावर सुमारे ८०० किलोंचा भार झाला. दहा माणसांनी कंबर कसली, तरी हा भार उचलून चाक निघेपर्यंत धरून ठेवता यावयाचा नाही. येथे मनुष्याच्या बळापेक्षा मनुष्याची बुद्धी कामास येते.

भार उचलण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे तरफ. पहारीचे एक टोक दगडाखाली घालून, तिच्याखाली टेकू देऊन, दुसरे टोक दाबले, की दगड हलतो. टेकूपासून आपला हात जितका दूर, तितके आपले बळ वाढते. परंतु पहार सोडली, की दगड खाली येतो. भार उचलावा आणि तो आपोआप खालीही येऊ नये, ह्यासाठी दुसरी युक्ती निघाली. ती म्हणजे मळसूत्र.

मळसूत्र म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला चढ होय. डोंगरावर सरळ चढण्याऐवजी वळणावळणाच्या घाटाने चढावे, तसाच हा प्रकार आहे. वाट लांब होते, पण चढ सोपा होतो. मळसूत्री जॅकचा दांडा ३० सेंटिमीटर लांबीचा असेल, तर त्याचे टोक एका फेऱ्यात सुमारे १८८ सेंटिमीटर फिरते. तेवढ्यात मळसूत्र केवळ ६ मिलिमीटर वर सरकते. हिशेब केला तर बळ सुमारे तीनशे पटींनी वाढावयास हवे. प्रत्यक्षात त्यातील मोठा भाग घर्षण गिळून टाकते. तीन-चतुर्थांश गेला असे धरले, तरी पाऊणशे पट बळ उरते आणि १,००० किलोंचा भार १३-१४ किलोंच्या जोराने उचलला जातो. घर्षणाला आपण शत्रू समजतो. पण येथे तेच आपले रक्षण करते. घर्षणामुळेच दांडा सोडला तरी मळसूत्र उलटे फिरत नाही आणि भार जेथल्या तेथे राहतो.

दुसऱ्या प्रकारच्या जॅकमध्ये तेलाचा उपयोग करतात. बंद भांड्यातील द्रवावर एके ठिकाणी दाब दिला, तर तो दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे तत्त्व सतराव्या शतकात पास्कल ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडले. १७९५ साली जोसेफ ब्रामा ह्या इंग्रज कारागिराने त्याच तत्त्वावर चालणाऱ्या दाबयंत्राचे एकस्व मिळविले. आपल्या गॅरेजांतील तेलाचा जॅक हा त्याच यंत्राचा वंशज होय. त्यात एक लहान दट्ट्या व एक मोठा दट्ट्या असतो. लहानाचे क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर व मोठ्याचे १५ चौरस सेंटिमीटर असेल, तर लहानावर दिलेला जोर मोठ्यावर पंधरापट होतो. शिवाय लहान दट्ट्या दाबण्याचा दांडा ही एक तरफच असते. तिने बळ दहापट वाढविले, तर हाताच्या १० किलोंच्या जोरातून १,५०० किलोंचा भार उचलला जातो.

मात्र निसर्ग फुकट काही देत नाही. जेथे बळ वाढते, तेथे अंतर घटते. लहान दट्ट्या एका दाबात २ सेंटिमीटर खाली गेला, तर मोठा दट्ट्या जेमतेम सव्वा मिलिमीटर वर येतो. गाडी १० सेंटिमीटर उचलावयाची, तर सुमारे पाऊणशे वेळा दांडा मारावा लागतो. ज्याला घाई आहे, त्याने हे काम हाती घेऊ नये, असे जणू जॅकच सांगत असतो.

आता ह्या पाठातील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. जॅक भार उचलतो खरा. पण भार धरून ठेवणे हे त्याचे काम नव्हे. तेलाच्या जॅकमधील भार आतल्या बारीक रबरी कड्यांच्या आणि एका छोट्या झडपेच्या भरवशावर असतो. कडे फाटले किंवा झडपेत कचऱ्याचा कण अडकला, तर तेल परत जाऊ लागते व गाडी खाली येते. कधी हळूहळू, तर कधी एकदम. मळसूत्री जॅकचे मळसूत्र उलटे फिरत नसले, तरी त्याची बैठक लहान व उंची अधिक असते. गाडीला थोडासा धक्का लागला, तर तो तिरपा होऊन निसटतो. म्हणून गाडी उचलली, की ताबडतोब तिच्या चौकटीखाली भक्कम आधार द्यावा लागतो. हा आधार म्हणजे रुंद पायांची लोखंडी घोडी किंवा एकमेकांवर आडवे-उभे रचलेले जाड लाकडी ठोकळे. घोडीत तेल नाही, झडप नाही, फिरणारे मळसूत्र नाही. तिला उचलता येत नाही. पण धरून ठेवणे तिला उत्तम साधते. उचलणारा एक आणि तोलून धरणारा दुसरा, अशी ही कामाची वाटणी आहे.

रेल्वेच्या कारखान्यांतही हाच नियम पाळतात. गिरणगावाच्या शेजारीच परळचा कारखाना १८७९ सालापासून आणि माटुंग्याचा कारखाना १९१५ सालापासून उभा आहे. रेल्वेच्या कारखान्यात डब्याची मोठी दुरुस्ती करावयाची असते, तेव्हा डब्याचे धड यारीने किंवा अनेक जॅकांनी एकदम सारखे उचलतात, त्याखालील चाकांचा संच बाहेर काढतात, आणि नंतर ते धड भक्कम टेकूंवर उतरवून ठेवतात. ते अधांतरी ठेवून त्याखाली कोणी काम करीत नाही. जेथे मोठमोठ्या याऱ्या आहेत, तेथेही उचलणारा वेगळा व धरणारा वेगळा असतो; मग आपल्या गल्लीतील एका छोट्या जॅकवर विसंबून कसे चालेल?

आता एखाद्या गल्लीत हे काम चालले आहे, अशी कल्पना करा. सकाळची वेळ आहे. मंडळाची रिकामी ट्रॉली बाहेर आणून ठेवली आहे. मिस्त्रीकाका आले आहेत आणि त्यांच्याभोवती चार-पाच तरुण कार्यकर्ते जमले आहेत. एकाने उत्साहाने जॅक उचलून गाडीखाली सरकविलाही.

"थांब, बाळा," मिस्त्रीकाका म्हणतात, "जॅक सर्वांत शेवटी. आधी जमीन पाहू."

जमीन सपाट व टणक असली पाहिजे. उतारावर गाडी उचलली, तर ती घसरल्यावाचून राहत नाही. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेची माती भुसभुशीत झालेली असते. नुकत्याच बुजविलेल्या चरावरची जमीन वरून घट्ट दिसली, तरी आतून पोकळ असते. शिवाय जॅकची बैठक लहान असते. ती १० सेंटिमीटर लांब व तितकीच रुंद असेल, तर ८०० किलोंचा भार १०० चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ८ किलो पडतो. तिच्याखाली ४० सेंटिमीटर लांब-रुंद असा जाड फळीचा तुकडा ठेवला, तर तोच भार १,६०० चौरस सेंटिमीटरवर पसरून दर चौरस सेंटिमीटरला अवघा अर्धा किलो होतो. फळी मात्र जाड हवी. पातळ फळी मध्येच वाकते, आणि मग भार पसरत नाही.

जमीन पाहून झाल्यावर चाकांना पाचरी लावावयाच्या. जे चाक काढावयाचे आहे, ते सोडून उरलेल्या चाकांच्या पुढे व मागे, दोन्ही बाजूंनी, लाकडी पाचरी घट्ट बसवितात. एकाच बाजूने लावलेली पाचर म्हणजे एकाच बाजूने लावलेले दार. गाडी दुसऱ्या बाजूने निघून जाते. गोल दगड लावू नये, कारण तो स्वतःच गडगडतो. त्यानंतर पुढची दांडी पाहतात. चार चाकांच्या पुष्कळ ट्रॉल्यांचा पुढचा आस दांडीबरोबर वळणारा असतो. पुढचे चाक उचलल्यावर कोणी दांडीला धक्का दिला, तर आस वळून जॅक निसटू शकतो. म्हणून दांडी सरळ करून बांधून टाकतात. ट्रॉली दोनच चाकांची असेल, तर ती पुढे किंवा मागे कलंडण्याचे भय असते. ती ओढणाऱ्या मोटारीला जोडलेलीच ठेवावी, मोटारीचा हातब्रेक ओढावा, आणि मोटारीच्या चाकांनाही पाचरी लावाव्यात, हे उत्तम.

एवढे झाल्यावर मिस्त्रीकाका पाना मागतात. चाक जमिनीवर टेकलेले असतानाच त्याचे नट किंचित, अर्धा फेरा, सैल करावयाचे असतात. चाक अधांतरी झाल्यावर नटावर जोर लावला, तर नट फिरण्याऐवजी चाकच फिरते. आणि हिसका बसून गाडी जॅकवरून ढळण्याचा धोका असतो. काही जुन्या मालमोटारींच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. ते ठाऊक नसलेला मनुष्य नट सैल करण्याऐवजी अधिकच आवळीत बसतो. म्हणून जोर लावण्यापूर्वी आटे पाहून घ्यावेत.

आता जॅकची पाळी येते. भाराच्या निदान दुप्पट क्षमतेचा जॅक घ्यावा. तो चौकटीच्या मजबूत तुळईखाली, आसाच्या जवळ, अगदी उभा लावावा. तळाच्या पत्र्याखाली किंवा फळ्यांखाली जॅक लावला, तर गाडी उचलली जाण्याऐवजी पत्राच फाटतो. आसाच्या मधोमध लावला, तर आस वाकण्याचा संभव असतो. गाडी उचलू लागलो, की आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पलीकडची चाके जमिनीवरच असल्यामुळे गाडी सरळ वर जात नाही. ती त्या चाकांभोवती कमानीत फिरते. त्यामुळे आरंभी उभा लावलेला जॅक हळूहळू तिरपा होऊ लागतो. थोडे उचलावे, थांबावे, पाहावे, आणि जॅक कलला असेल तर गाडी खाली उतरवून तो पुन्हा नीट लावावा. चाक जमिनीपासून सुटून दोन-तीन बोटे वर आले, की पुरे. नवा, हवा भरलेला टायर बसेल इतकीच उंची हवी. त्याहून अधिक उंची म्हणजे अधिक धोका.

ह्याच क्षणी घोडी लावावयाची. ती चौकटीखाली, जॅकच्या शेजारी, बरोबर बसवून जॅक अलगद सैल करतात व गाडीचा भार घोडीवर उतरवितात. जॅक तेथेच, किंचित टेकलेला, दुसरा पहारेकरी म्हणून राहू देतात. मग मिस्त्रीकाका गाडीला हाताने हलवून पाहतात. ती डगमगली नाही, तरच नट पूर्ण काढावयाचे.

समजा, घोडी लावण्यापूर्वीच एका कार्यकर्त्याच्या हातून एक नट निसटून गडगडत गाडीखाली गेला. तो चटकन वाकून हात आत घालणार, तोच मिस्त्रीकाका त्याचे मनगट धरतात.

"काका, एका क्षणाचे तर काम आहे!"

"अरे, गाडी खाली यायलाही एकच क्षण लागतो. नट बाजारात दुसरा मिळेल. हात कोठे मिळतो, ते मला सांग."

त्या तरुणाने मान खाली घातली. घोडी लागली, गाडी तोलली गेली, आणि मग एका लांब काठीने नट बाहेर काढण्यात आला. घोडी लागलेली असतानाही, ज्या वस्तूला काठी पोहोचते, तिच्यासाठी हात घालू नये, असा त्या धंद्यातील शहाण्या माणसांचा रिवाज आहे.

नवे चाक बसविताना आसावरील व चाकावरील गंज आणि माती पुसून काढतात. मध्ये कचरा राहिला तर नट आवळलेले वाटतात, परंतु गाडी चालू लागताच ढिले पडतात. नट प्रथम हातानेच बसवितात. नंतर पान्याने आवळताना एकामागून एक असे ओळीने न घेता समोरासमोरचे घेतात. वरचा घेतला की खालचा, डावा घेतला की उजवा. त्यामुळे चाक सगळीकडे सारखे बसते. पुन्हा जॅकने भार घेऊन घोडी काढतात, गाडी जमिनीवर उतरवितात आणि मग सर्व नट पूर्ण जोराने आवळतात. गाडी थोडे अंतर ओढून नेल्यावर ते आणखी एकदा तपासतात. टायरात हवा भरतानाही मनुष्याने टायरासमोर उभे राहू नये. बाजूला, लांब नळी धरून राहावे. काही जुन्या मालमोटारींच्या चाकांना टायर धरून ठेवणारे वेगळे लोखंडी कडे असते. ते नीट बसले नसेल, तर हवेच्या दाबाने तोफेच्या गोळ्यासारखे उडते.

हे सारे रिकाम्या गाडीविषयी झाले. मूर्ती वर असताना चाक उचलण्याचा प्रसंग आला तर? एक सोपा हिशेब करू. गाडीच्या दोन बाजूंच्या चाकांत अडीच मीटर अंतर आहे आणि एक बाजू १० सेंटिमीटर उचलली. तेवढ्याने ६ मीटर उंचीवरील मूर्तीचा मुकुट सुमारे २४ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ पाऊण फूट, बाजूला झुकेल. खाली चार बोटांचा फरक आणि वर वीतभर झोक! गाडीवर माणसे उभी असतील व ती एका बाजूस सरकली, तर काय होईल, हे सांगावयास नको. म्हणून असा प्रसंग रस्त्यात आलाच, तर प्रथम गाडी थांबवावी, चाकांना पाचरी लावाव्यात, गाडीवरील सर्व माणसांना खाली उतरवावे आणि दोराचे कडे करून गर्दी दूर ठेवावी. पंपाने हवा भरून काम भागत असेल, तर तेवढेच करून गाडी मोकळ्या जागी न्यावी. उचलणे अटळच असेल, तर ते अनुभवी माणसांवर सोपवावे. ते बोटभर उचलतात, की लगेच खाली एक फळी सरकवितात; पुन्हा बोटभर उचलतात, पुन्हा एक फळी. अशा रीतीने भार कधीही केवळ जॅकवर राहत नाही. पण सर्वांत चांगला उपाय हाच, की असा प्रसंग येऊच नये. आणि तो येऊ न देणे हे महिनाभर आधीच्या त्या सकाळच्या कामावर अवलंबून असते.

वजनाचा विचार केवळ मिस्त्रीलाच करावा लागतो, असेही नाही. चिंचपोकळी, करी रोड येथील रेल्वेवरील पूल जुने आहेत. त्यांवर मिरवणुकीतील गाड्या व माणसे मिळून एका वेळी १६ टनांपेक्षा अधिक भार होऊ देऊ नये, तेथे थांबून नाचू नये, असे मुंबई महानगरपालिकेने अलीकडील वर्षांत वेळोवेळी सांगितले आहे. पूल काय आणि घोडी काय, भार तोलून धरणारी वस्तू मुकी असते. आपल्याला किती पेलवेल, हे ती बोलून सांगत नाही. ते आपण आधीच जाणून घ्यावे लागते.

मुलांनो, हे काम तुम्ही एकट्याने करावयाचे नाही. परंतु तुमच्या गल्लीत, एखाद्या गॅरेजपुढे किंवा रस्त्याच्या कडेला कोणी गाडी उचललेली दिसली, तर जरा दूर उभे राहून पाहा. पाचरी लागल्या आहेत का? जॅकखाली फळी आहे का? घोडी लावली आहे का? घोडी लावल्यावाचून कोणी गाडीखाली शिरत असेल, तर "काका, घोडी लावायची राहिली," एवढे नम्रपणे म्हणण्यास मुळीच संकोच करू नका. तुमच्या त्या चार शब्दांनी एखाद्या घरचा कर्ता मनुष्य संध्याकाळी सुखरूप घरी पोहोचेल.

मिरवणूक संपते. पहाटेच्या वेळी मूर्तीचे विसर्जन होते, आणि रिकामी गाडी लालबागकडे परतते. जयजयकार थांबलेला असतो. गुलालाने माखलेले कार्यकर्ते थकून गाडीच्या कडेला बसलेले असतात. मिस्त्रीकाका एकदा खाली वाकून चारही चाकांवरून हात फिरवितात. त्यांचे नाव कोणत्याही फलकावर लिहिलेले नसते. पण रात्रभर लाखो लोकांच्या गर्दीतून तो प्रचंड भार सुखरूप गेला, ह्याचा आनंद त्यांच्या मुखावर दिसतो. उचलण्याचे काम सर्वांना दिसते आणि त्याचे कौतुकही होते. तोलून धरण्याचे काम कोणाला दिसत नाही. तरीही पहिल्याइतकीच थोरवी दुसऱ्यात आहे, हे ज्याला कळले, त्याला ही विद्या कळली.

स्वाध्याय

१. कमी वापरलेला टायरही खराब का होतो?
२. मळसूत्री जॅकमध्ये घर्षण आपले रक्षण कसे करते?
३. "जॅक भार उचलतो, पण भार धरून ठेवणे हे त्याचे काम नव्हे." ह्या विधानाची कारणे सांगा.
४. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच किंचित सैल का करतात?
५. ९०० किलोंचा भार ३० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद फळीवर पडला, तर दर चौरस सेंटिमीटरला किती किलो भार येईल?
६. तुमच्या परिसरात न दिसता भार तोलून धरणाऱ्या वस्तू व माणसे कोणती आहेत? त्यांविषयी दहा ओळी लिहा.